बुधवारची प्रार्थना परत सुरू करा : ठाण्यातल्या आमच्या मंडळीच्या पंच कमिटीस खुले पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

ख्रिस्ती सलाम.

गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर सूचना वाचताना सांगण्यात आलं, की बुधवारची संध्याकाळची प्रार्थना सभा तूर्त बंद ठेवण्यात येत आहे. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी हॉल एका कोचिंग क्लासला भाड्याने दिला असून ते भाडं इमारत निधीत जमा होईल. दोन वाक्यांत विषय संपला. पुढची सूचना देणगीदारांच्या यादीची होती, आणि ती यादी बराच वेळ चालली.

मी याच मंडळीत लहानाची मोठी झाले. माझं दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर कबूल करण्याचा विधी) आणि लग्न याच वेदीसमोर झालं, आईची शेवटची उपासनाही इथेच झाली. आज मी महिला मंडळात आहे आणि संडे स्कूलला शिकवते. हा निर्णय ऐकल्यावर मी आधी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला, मग कमिटीतल्या दोघांशी प्रत्यक्ष बोलले. दोन्हीकडून उत्तर एकच आलं: आधी इमारत होऊ दे, मग सगळं पहिल्यासारखं करू. हे उत्तर मला मान्य नाही, आणि गप्प बसून ते मान्य केल्यासारखं दाखवणंही मला जमणार नाही. शिवाय कळवा, ऐरोली, कल्याण, पनवेल इथल्या मंडळ्यांत माझे नातेवाईक जातात. त्यांच्याकडूनही मी हाच क्रम ऐकते. आधी जागा, आधी निधी, आधी वर्धापनदिनाचा कार्यक्रम, आणि प्रार्थना उरलेल्या वेळात. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. इमारतीला माझा विरोध नाही. पावसाळ्यात वेदीच्या उजव्या बाजूला बादल्या ठेवाव्या लागतात, स्लॅबची लोखंडी सळई उघडी पडली आहे आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल तुम्ही सभेत वाचून दाखवला, तो मीही ऐकला आहे. लहान मुलं त्या छताखाली बसतात, त्यामुळे काम व्हायलाच हवं. माझ्या घरूनही इमारत निधीला दर महिन्याला पाकीट जातं आणि ते यापुढेही जाईल. माझी तक्रार क्रमाची आहे. प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात अन्न, वस्त्र, उद्याची चिंता हे सगळं बोलून झाल्यावर सांगितलं, की आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, बाकीच्या गोष्टी त्याबरोबर मिळतील. आपण बाकीच्या गोष्टी आधी घेतल्या आणि राज्याला सांगितलं, तुझा नंबर बांधकाम पूर्ण झाल्यावर.

बुधवारच्या सभेला माणसं कमी येतात, असं कारण मला सांगण्यात आलं. खरं आहे, कमी येतात. पण कोण येतं ते कमिटीने पाहिलं आहे का? लोकलच्या गर्दीतून उतरून, घरी न जाता थेट हॉलवर येणारे दिवा-मुंब्र्याचे बंधू येतात. रात्रपाळीला जाण्याआधी अर्धा तास बसून जाणाऱ्या परिचारिका येतात. घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या संकुलांत घरकाम करणाऱ्या मावशी येतात. रविवारी त्यांना सुट्टी मिळतेच असं नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी बुधवार हीच उपासना असते. मुलाची दारू सुटावी म्हणून वर्षानुवर्षं एकच विनंती मांडणारी एक आजी येते. डायलिसिसवर असलेल्या बंधूंची पत्नी येते. या माणसांना पंच कमिटीत जागा नाही आणि देणगीच्या यादीत त्यांचं नाव वर येणार नाही. मंडळीत त्यांना मोकळेपणाने बोलता येईल अशी एकच जागा होती, आणि आपण नेमकी तीच भाड्याने दिली.

या सभेचं माझ्यावर ऋण आहे, ते सांगते. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते. त्या भागातल्या कंपन्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्यात त्यांचीही गेली. आम्ही किसन नगरच्या चाळीत राहत होतो. वडील रविवारी देवळात यायचे नाहीत. लोक विचारतील, काय चाललंय, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. पण बुधवारी यायचे, कारण बुधवारी कुणी विचारत नसे. विनंत्या मांडायच्या, गुडघे टेकायचे, एकमेकांसाठी देवाकडे मागायचं, एवढंच. त्या काळात आमच्या घरी धान्य कुणी आणून दिलं, माझ्या शाळेची फी कुणी भरली, हे वडिलांना कधीच नीट कळलं नाही. मला मोठेपणी कळलं, की बुधवारच्या विनंत्या ऐकणाऱ्या माणसांनी ते आपसात ठरवून केलं होतं. प्रार्थना ऐकणारी माणसंच हात पुढे करतात. ज्यांना शेजाऱ्याची विनंतीच ऐकू येत नाही, ती मंडळी मदत तरी कशाच्या आधारावर करणार?

आता तुमच्या पत्रकाबद्दल. इमारत निधीच्या पत्रकावर बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातलं, उठून बांधायला लागू या, हे वचन छापलं आहे. वचन उत्तम आहे, पण ते दुसऱ्या अध्यायातलं आहे. पहिला अध्याय पत्रकात नाही. पहिल्या अध्यायात नहेम्या शूशनच्या राजवाड्यात, पर्शियाच्या राजाच्या चाकरीत आहे. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो बसून रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. ही बातमी त्याला यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि राजाशी तो बोलला निसान महिन्यात, म्हणजे मधे साधारण चार महिने गेले. या चार महिन्यांत त्याने लाकूड मागितलं नाही की कुणाला पत्रं धाडली नाहीत. तो देवापुढे होता. राजाने समोरून विचारलं, तुला काय हवं, तेव्हाही त्याने आधी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मग तोंड उघडलं. पुढे तट ५२ दिवसांत बांधून झाला. कामाचा वेग आपल्याला हवासा वाटतो, म्हणून पत्रकावर आपण त्याचं नाव घालतो. त्या वेगाच्या आधीचे चार महिने मात्र आपण गाळले.

मी तुमच्या बैठकांची इतिवृत्तं मागून वाचली. आर्किटेक्ट कोण, कोटेशन किती, महापालिकेत फाइल कुठे अडली, हे सगळं त्यांत आहे आणि ते असायलाच हवं. पण कमिटी उपासाला बसली, मंडळीला एक दिवस प्रार्थनेसाठी बोलावलं, देवाला विचारलं, असा एकही ठराव मला सापडला नाही. प्रेषितांच्या काळात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौलाला सुवार्तेच्या कामासाठी पाठवताना उपास आणि प्रार्थना करून हात ठेवले. ते तर दोन माणसांना पाठवत होते. आपण अनेक वर्षांचं कर्ज आणि एक पिढी टिकणारी इमारत डोक्यावर घेत आहोत.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्यायही वाचावा, अशी माझी विनंती आहे, कारण माझी पुढची तक्रार तिथेच आहे. तट अर्धा झालेला असताना गरीब लोक ओरडत आले: आमची शेतं गहाण पडली, मुलं गुलामीत चालली, आणि हे आमच्याच भाऊबंदांमुळे. नहेम्याने त्यांना, आधी तट होऊ द्या, असं सांगितलं नाही. त्याने सरदारांना सगळ्यांसमोर उभं केलं, व्याज बंद करायला लावलं, शेतं आणि द्राक्षमळे परत करायला लावले. अधिपती म्हणून मिळणारा भत्ताही त्याने १२ वर्षं घेतला नाही. आपल्याकडे काय झालं? गरीब फंड इमारत निधीत "तात्पुरता" वर्ग केला गेला. या फंडातून औषधाला, मयतीला, शाळेच्या वह्यांना पैसे दिले जात. रक्कम फार मोठी कधीच नव्हती. इमारतीच्या खर्चात ती दिसणारसुद्धा नाही. पण ज्या घराला ती मिळायची, त्या घराला ती गेल्याचं लगेच दिसतं. जूनमध्ये एका बहिणीला वह्यांसाठी नाही म्हणावं लागलं. तिला नाही म्हणणाऱ्या आम्ही महिला मंडळाच्या बायका होतो, निर्णय घेणारे तिच्यासमोर नव्हते.

देणगीदारांची नावं रकमेसह व्यासपीठावरून वाचणं थांबवा. याबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. मंदिराच्या खजिन्यासमोर बसून प्रभूने श्रीमंतांची मोठी दानं पाहिली आणि शिष्यांना बोलावून दाखवली ती विधवेची दोन नाणी. आपल्या यादीत त्या बाईचं नाव शेवटी आलं असतं, किंवा जागा पुरली नाही म्हणून आलंच नसतं.

आता पाळकसाहेबांबद्दल, आणि हे मी त्यांच्याविषयीच्या आदरानेच लिहिते. गेल्या वर्षभरात ते वॉर्ड ऑफिसला, आर्किटेक्टकडे, बँकेत आणि देणगीदारांच्या घरी जितके गेले, तितके आजाऱ्यांच्या घरी गेले नाहीत. हा त्यांचा दोष नाही. कमिटीने ही कामं त्यांच्यावर टाकली आहेत, आणि पाळक म्हटल्यावर अधिकारी थोडं ऐकतात असाही त्यामागे हिशेब आहे. पण रविवारच्या संदेशात ते जाणवतं. जो माणूस आठवडाभर चटई क्षेत्र आणि परवानग्यांमध्ये अडकलेला असतो, त्याला शनिवारी रात्री वचनासमोर बसायला किती वेळ आणि किती मन उरणार? उपासना तासाभरात संपवायची म्हणून मध्यस्थीची प्रार्थना आता चार ओळींवर आली आहे आणि साक्षी देणं तर बंदच झालं. निधीचं निवेदन मात्र त्याच तासात पूर्ण वेळ घेतं.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, यावर आपण सगळ्यांनी संदेश ऐकले आहेत. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. तक्रार खरी होती, काम गरजेचं होतं. प्रेषितांनी ते काम हलकं मानलं नाही आणि स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. त्यांनी मंडळीला सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा, चांगल्या नावाचे, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले. आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा यांत तत्पर राहू. त्या सातांत स्तेफन होता, फिलिप्प होता. वाटणीच्या कामालासुद्धा त्यांनी अशी माणसं निवडली. आपल्या मंडळीत निवृत्त इंजिनिअर आहेत, महापालिकेत नोकरी केलेले बंधू आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या दोन बहिणी आहेत. त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करा आणि बांधकाम त्यांच्या स्वाधीन करा. पाळकांना पाळक राहू द्या.

देवावर विसंबून राहायचं म्हणजे हिशेब सोडून द्यायचा का, असा प्रश्न मला खजिनदारांनी विचारला होता. त्याचं उत्तर आपल्याच मराठी मुलखात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं होतं. ती मुदत संपत आली आणि त्याच सुमाराला १८९६-९७ चा दुष्काळ पडला. अशा वेळी कुठलीही कमिटी म्हणेल, नवीन माणूस आत घेऊ नका. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. त्यांचं पोट कसं भरणार, हे देवाला विचारूनच त्यांनी पाऊल टाकलं. आणि तरी पुण्याजवळ केडगावला, त्यांच्या आश्रमात, विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. त्या मुलींना प्रार्थनेला बसवणाऱ्या रमाबाई त्यांच्या हातांना कामही देत होत्या. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक संजीवन झालं, त्याची सुरुवात रोज एकत्र जमून केलेल्या प्रार्थनेतून झाली. रमाबाईंनी ज्यांच्याबद्दल वाचून बळ घेतलं, ते ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करत. ते गरज माणसांपुढे न मांडता देवापुढे मांडत, कर्ज काढत नसत आणि दर वर्षी हिशेब छापून प्रसिद्ध करत. विश्वास आणि काटेकोर हिशेब एकाच टेबलावर बसू शकतात. नहेम्यानेही शत्रू चालून येणार हे कळल्यावर देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. तुम्ही पहारा बसवला आहे. मी प्रार्थनेबद्दल विचारते आहे.

आपण ज्या गावात राहतो, त्याचाही थोडा विचार करावा. १३२१ मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंनी ख्रिस्ताची साक्ष देताना प्राण दिले. चीनला जायला निघालेली ही माणसं इथे थांबली, ती एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती आणि त्या घरांची दारं परक्या प्रवाशासाठी उघडी होती. त्यांच्याकडे प्रार्थनेला कसली जागा होती, ते आज कुणी दाखवू शकत नाही. यरुशलेममध्येही पेत्र तुरुंगात असताना मंडळी योहान मार्कच्या आईच्या घरी प्रार्थना करत होती. पेत्र सुटून दारात उभा राहिला तेव्हा रुदा नावाची मुलगी आनंदाने इतकी गडबडली, की दार उघडायचं सोडून आत सांगायला धावली. त्या मंडळीपाशी तुरुंगाच्या दारावर चालणारा कुठलाच अधिकार नव्हता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपलाही हॉल बंद होता, अर्पणं घटली होती, कित्येकांचे पगार थांबले होते. तेव्हा रोज रात्री फोनवर प्रार्थना चालायची. कुणाला ऑक्सिजन हवा, कुणाकडे जेवण पोचवायचं, सगळं तिथेच कळायचं. हॉल बंद असताना मंडळी चालली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

ठाण्यात सध्या प्रत्येक चाळीत आणि सोसायटीत पुनर्विकासाचीच चर्चा आहे. आमच्या किसन नगरला क्लस्टर पुनर्विकासाच्या बातम्या ऐकत लोक म्हातारे होत आहेत. या वातावरणात मंडळीलाही आपली जागा, आपली इमारत हीच मोठी गोष्ट वाटू लागणं मी समजू शकते. पण आपल्या मुलांना आपण काय शिकवत आहोत? संडे स्कूलच्या वर्गात मी दाविदाची गोष्ट सांगते, की त्याला देवासाठी मंदिर बांधायचं होतं आणि देव म्हणाला, मी तुझ्यासाठी घराणं उभारीन. एका मुलीने मला विचारलं, मग बुधवारची प्रार्थना का बंद केली? तिची आजी बुधवारी यायची. मी तिला कमिटीचं कारण सांगितलं नाही. ते माझ्या तोंडून निघेना.

माझ्या मागण्या अशा आहेत. बुधवारची प्रार्थना सभा त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी ताबडतोब परत सुरू करावी. कोचिंग क्लासला बाकीचे दिवस द्यावेत, त्याला माझी हरकत नाही. मुलांचा अभ्यासही महत्त्वाचा आहे. बुधवारचं जे भाडं बुडेल, ते महिला मंडळातल्या आम्ही काही जणी स्वतःच्या खिशातून भरायला तयार आहोत, तसं लेखी देतो. गरीब फंडाची पूर्ण रक्कम वेगळ्या खात्यात परत करावी आणि यापुढे सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय तिला हात लावू नये. देणगीदारांची नावं रकमेसह वाचणं बंद करून जमाखर्च नोटीस बोर्डावर लावावा. पाळकसाहेबांना बांधकाम, परवानग्या आणि निधी गोळा करण्याच्या कामातून मोकळं करून त्यासाठी मंडळीतून निवडलेली स्वतंत्र समिती नेमावी. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेला आणि साक्षींना पूर्ववत वेळ द्यावा. निधीचं निवेदन उपासनेनंतर करावं. आणि कंत्राटावर सही होण्याआधी संपूर्ण मंडळीसाठी उपास-प्रार्थनेचा एक दिवस ठेवावा, ज्यात कमिटीचे सर्व सभासद सुरुवातीपासून शेवटपर्यंत उपस्थित असतील.

या मागण्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात आणि त्यांवर लेखी उत्तर द्यावं, अशी माझी विनंती आहे. तुमच्यापैकी कुणावरही मी वैयक्तिक आरोप केलेला नाही. तुम्ही नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत बसून हे काम करता, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं बुधवारी हॉलच्या बाहेर उभी राहावीत, हे मला सहन होत नाही.

सभा परत सुरू होईपर्यंत आम्ही बुधवारी संध्याकाळी त्याच वेळेला किसन नगरला माझ्या घरी जमणार आहोत. विनंत्यांच्या वहीत इमारतीचं काम आणि पंच कमिटी ही दोन्ही नावं आहेत. पाळकसाहेब, आपण आणि कमिटीतले सगळेच या. येण्याआधी फोन करायची गरज नाही.

ख्रिस्तात आपली बहीण,
मंडळीची एक सभासद,
किसन नगर, ठाणे (पश्चिम)